धुक्यातला चहा

दिल्लीत सिनेमा शिकून परतले तेव्हा मला वाटलं होतं, संथ रहस्यपट लावला की कोल्हापूरकर अंधारात श्वास रोखून बसतील. कसलं काय! मामांनी त्यांचं मंगल कार्यालय दिलं होतं, तेही अटीवर. "माणसं शेवटपर्यंत बसली, तर दर रविवारी हॉल तुझा."

पडद्यावर एका छोट्या गावात खून झाला. मग धुकं आलं आणि ते काही हलेना. "इंटरव्हल झाला की!" म्हणत मामाच उठले, आणि त्यांच्यामागून सगळा हॉल चहाला निघाला. मी दारात आडवी उभी राहिले. "अहो, इंटरव्हल नाही, तो गावाचा एकटेपणा आहे!"

"मग त्याला बसू दे की एकट्याला," शांताआत्या म्हणाली. "आम्ही चहा घिऊन येतो."

सगळे परतले तेव्हाही पडद्यावर धुकंच होतं. "बघ, काय बी चुकलं न्हाय," मामा म्हणाले.

शेवटी खुनी सापडला, तेव्हा मात्र हॉल खवळला. "ह्येच्यावर संशय आलाच कसा?"

"तो धुक्यातून कंदील घेऊन गेला होता," मी म्हणाले. "तेव्हा तुम्ही चहाला होतात."

हॉल हातचा गेला असं धरूनच मी झोपले. सकाळी मामांचा फोन. "कंदील बघायचाय म्हणून माणसं मागं लागल्यात. परत लाव त्यो पिक्चर."

मी तिथंच ठरवलं. धुकं तसूभरही कापायचं नाही. फक्त ते येण्याआधी प्रत्येकाच्या हातात चहा द्यायचा.