हिमानी कधी म्हणाली?

…नाही, पण मला एक सांगा, निरोप आणणाऱ्यानं तो कधीचा आहे हे सांगायला नको? अहो, मला पगारच त्याचा मिळतो! इथे काशीत, दुर्गाघाटावर घरी बसून बंगळूरच्या कंपनीचं काम करतो मी. तिकडे लाखो मेसेज सारखे वाहत असतात, आणि प्रत्येकाच्या कपाळावर निघाल्याची वेळ चिकटवायची… हेडर म्हणतात त्याला. का? तर मागून निघालेला मेसेज पुढे पोचतो! गिऱ्हाईक आधी म्हणतं 'पाठवा', मग म्हणतं 'राहू दे', आमच्याकडे 'राहू दे' आधी आणि 'पाठवा' नंतर… वस्तू दारात हजर! म्हणून प्रत्येक मेसेजला मी एकच विचारतो, बाबा रे, तू निघालास, पण कधी?

तर तुम्हाला सांगतो, मंगला गौरीच्या देवळाजवळची हिमानी. स्थळ आलं, भेटलो, आवडली… फारच आवडली हो! पण आमच्या मातोश्री, "लग्नाची बोलणी मोबाइलवर होत नसतात!" म्हणून मध्यस्थ कोण, तर दिनानाथकाका. मणिकर्णिकेवर क्रियाकर्म करतात! काल आले, गालात पान, "ऋतू बेटा, हिमानीचे दोन निरोप आहेत. एकदा म्हणाली हो, एकदा म्हणाली नको."

पण कधी?

"एक सकाळी, एक दुपारी."

"काका, सकाळी कुठला?"

"आता ते काय ध्यानात राहतं? मध्ये पिंडदानाचे यजमान आले… दोन्ही पोचले ना? बस्स!"

बस्स? अहो, आधी नको आणि मग हो, तर माझं लग्न! आधी हो आणि मग नको, तर मी संपलो! तोवर आईनं 'हो' तेवढं ऐकून अर्ध्या गल्लीला पेढे वाटलेसुद्धा! लाखो मेसेज ओळीत लावणारा मी, मला दोन लावता येईनात… रडू येतं हो!

शेवटी लाज सोडली, रेंजसाठी गच्चीवर चढलो, माकडं हाकलत हाकलत फोन लावला. "हिमानी, तू हो म्हणालीस, पण कधी?"

ती कडाडली, "कधीच…" आणि रेंज गेली!

'कधीच म्हणाले'? की 'कधीच नाही म्हणाले'? पुन्हा लावला तर बंद! आता बसलोय मोबाइल बघत. कॉल किती वाजता लागला, कधी तुटला, सगळं सेकंदासकट लिहून आलंय. वेळ चोख मिळाली हो… निरोपच नाही मिळाला!