एलीयासाठी उघडणारं दार

वल्हांडण या ज्यूंच्या सणाआधी जेरुसलेममधल्या आमच्या गल्लीत भांडी उकळत्या पाण्यातून शुद्ध करून घ्यायला रांग लागते. माझ्यापुढे मायलेकी होत्या. आईच्या हातात सणाच्या रात्री घरोघरी येतो असं मानतात त्या एलीया संदेष्ट्यासाठी भरून ठेवायचा चांदीचा पेला होता.

"तिर्झा, उद्या जेवणानंतर बाबा एलीयासाठी दार उघडतील, तेव्हा बाहेर तुझा भाऊ अवनेर उभा असेल. मीच बोलावलंय."

"आई, डोकं फिरलंय का तुझं? शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी गाडी चालवली म्हणून त्यांनी त्याला घराबाहेर काढलंय. त्याचं नावसुद्धा चालत नाही त्यांना."

"एलीया येऊन बापाचं मन लेकरांकडे वळवेल, हे परवा सभास्थानात वाचलं कोणी? त्यांनीच ना?"

"वाचायला काय जातंय. पाहुण्यांदेखत तोंडावर दार आपटलं तर?"

"नाही आपटणार."

"आणि यंदा ते उघडणारच नाहीयेत. मला म्हणाले, तू उघड, माझे गुडघे दुखतात."

"गुडघे कसले गं. दरवर्षी दार उघडतात आणि सगळे परत टेबलाशी बसले तरी जिन्याकडे बघत उभे राहतात. तुला काय वाटलं, एलीयाची वाट बघतात?"