वेशीवरचे हत्ती

सनीव्हेल, कॅलिफोर्निया, १९८६. दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक मराठी गृहस्थ आणि त्यांची शाळकरी मुलगी बसली होती. ऐकायला नको होतं, पण ऐकलं.

“बाबा, जेनीचे आजोबा जर्मनीतल्या एका छोट्या गावाचे. त्या गावाचं कोट ऑफ आर्म्स आहे, म्हणजे गावाचं चिन्ह. दगडी वेस आणि वर लांडगा.”

“लांडगा कशाला?”

“एका विंटरमध्ये खूप लांडगे आले. सगळे वेशीच्या आत गेले आणि वाचले. आता मला आपल्या गावाचं काढायचंय. होमवर्क उद्या ड्यू आहे.”

“आपल्याकडे असलं काही नसतं.”

“टीचर म्हणाली, नसेल तर तयार करा. आपल्या गावाला वेस होती?”

“होती की. मोठी. वर दोन हत्ती कोरलेले.”

“कूल! मग तेच काढते. आपलं घर आत कुठे होतं?”

“आत नव्हतं.”

“व्हाय?”

“आत राहू देत नसत.”

“कोण?”

“गाव.”

“मग लांडगे आले असते तर?”

“लांडग्यांनी आम्हाला कधी त्रास दिला नाही, राधा.”

“दॅट्स सो मीन! मी घर बाहेरच काढते. क्लासला सांगते.”

“नको. हत्ती काढ. घर आत दाखव.”

“बट दॅट्स अ लाय, बाबा!”

“हळू बोल. त्या काकांच्या हातातलं पुस्तक मराठी आहे.”

“सो?”

“चल, आपण बाहेर थांबू.”

“आता आपलाच नंबर आहे.”

“बोलावतील ते.”

मी पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं. तोवर ते दोघं दारापर्यंत पोचले होते.