अर्धशिशी आणि माझे पाच उपास

…पाल्यानं नाही हो, पाल्यानं नाही! आमच्या बेटावर त्रियोले गावापासून ब्रीझे वेर्दिएर गावापर्यंत बसमध्ये जो भेटेल त्याला हा माझा मेहुणा परशुराम सांगत सुटलाय, की दाजींची अर्धशिशी मी बरी केली, माझ्या पाल्यानं बरी केली. अरे, पाला तो काय, मी तो ओतला केळीच्या बुंध्यात! केळ तेवढी वाढली. पण हे कुणाला सांगू? डोकं माझं, दुखलं मला, आणि बरं कशानं झालं ते सगळा गाव सांगतो. डोकं माझं, विचारलं कुणी?

तुम्हाला सांगतो, मी काही दुखण्याबिखण्याचा माणूस नाही. कॅरोल वादळानं घराचं छप्पर उचलून शेजाऱ्याच्या उसात नेऊन टाकलं, तेव्हा मी हूं की चूं केलं नाही, छप्पर परत आणलं आणि ठोकलं. कोयता पायाला लागला तेव्हा धोतर फाडून बांधलं आणि ओळ पुरी केली. शाळेत मी दोन वर्षं गेलो, पण कुणापुढं मान खाली घालायची पाळी आली नाही. असा माणूस… आणि त्याला कशानं आडवं करावं? अर्ध्या डोक्यानं! पूर्णसुद्धा नाही!

जून महिना. ऊसतोड नुकती लागली होती. थोरला मुलगा यंदा पोस्टात चिकटला, म्हणून साठी उलटल्यावर मीच पुन्हा कोयता घेऊन उभा राहिलो. वार मंगळवार. मंगळवारी गणपतीचा उपास, वीस वर्षं चुकला नाही, आणि आमचा उपास म्हणजे तुमच्यासारखा फळं चघळायचा नाही, दिवसभर नुसतं पाणी, दिवस बुडाला की एकदा जेवण. तर दहाच्या सुमाराला उजव्या डोळ्यापुढं काहीतरी चकाकायला लागलं. वाटलं, कुणी पत्रा हलवतंय. पत्रा नाही, काही नाही. मग उजव्या कानशिलात असा ठोका सुरू झाला, जसा कुणी आत बसून खुंटा ठोकतोय. ऊन नको, आवाज नको, उसाच्या पाल्याची सळसळ नको… मी, तुम्हाला सांगतो, मी गुडघ्यावर बसलो आणि ओकलो. दहा माणसांसमोर. धक्काच बसला. त्यांना नाही, मला.

आता आमच्याकडं दुखणं एकाला होतं आणि औषध सगळ्यांना सुचतं. घरात पाय ठेवला तर माझी बायको देवकी कच्चा बटाटा कापून उभी! चकत्या कपाळावर लावल्या, वरून फडकं आवळलं. मी म्हटलं, मला भाजी करून वाढणार आहेस की मलाच भाजी करणार आहेस? ती कशाला ऐकते. सुंठ उगाळून लावली, चटका बसला. नाकात तूप सोडलं, शिंकलो ते तूप भिंतीवर. शेजारची बसंती चाची कुंपणावरून डोकावली आणि तिच्या त्या गोड सुरात, "का भइल भइया, नजर लागल बा," असं म्हणून मिरच्या घेऊन आलीसुद्धा. मिरच्या जाळल्या. ज्याला धूर सोसत नाही त्याच्या नाकाखाली मिरच्या! डोकं माझं, विचारलं कुणी?

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, एकदम ठीक. काही झालंच नव्हतं असं. मी म्हटलं, गेलं. कसलं गेलं? पुढच्या मंगळवारी पुन्हा हजर.

आता माझी चूक ऐका, लपवत नाही. मला वाटलं देव रुसला. आपल्या हातून काही उणं राहिलं. गणपतीला मंगळवार देतो, मग मारुतीनं काय घोडं मारलंय? म्हणून मी शनिवार धरला. शनिवारी डोकं फुटलं. म्हटलं, दत्ताचं राहिलं. गुरुवार धरला. गुरुवारी डोकं. मग शंकराचा सोमवार, मग देवीचा शुक्रवार… देव वाढवत गेलो आणि दुखणं वाढत गेलं. जुलै संपेस्तोवर आठवड्याचे पाच उपास झाले आणि पाच दिवस डोकं. देवळात गणपतीसमोर उभा राहून मोठ्यानं बोललो, चार माणसांच्या कानावर जाईल असं बोललो, की तू बसेपर्यंत पाचही वार पाळीन, पण माझं डोकं सोड.

एवढी घाई कशाची, तर गणपती महिन्यावर आला होता. आमच्या गावात गणपतीसमोर झाकरी होते, गोल धरून नाचायचं, गायचं. त्यात पहिला सूर माझा आणि पहिली झांज माझी. बावीस वर्षं. माझ्या बापानं ती स्वतःच्या हातानं माझ्या हातात दिली. आणि आता ताट पडलं तरी मी कान झाकत होतो, तर झांज वाजवणार कसा? माझा पुतण्या सुरेंद्र तालमीला माझ्या जवळजवळ उभा राहायला लागला. अगदी जवळ. माणूस बसमध्ये उतरणाऱ्याच्या जागेजवळ उभा राहतो ना, तसा.

मग परशुराम आला, पोर्ट लुईच्या बाजारातनं पाल्याची जुडी घेऊन. तिथं ते तिझानवाले बसतात ना, झाडपाला विकणारे, त्यांच्याकडनं. "दाजी, सात दिवस उकळून प्यायचं, दुपारच्या जेवणानंतर." आता दुपारचं जेवण म्हणजे माझ्या हिशेबानं बुधवार आणि रविवार. एकदा प्यालो. तुम्हाला सांगतो, एवढं कडू तर माझ्या सासऱ्याचं बोलणंही नव्हतं. बाकीचा केळीला. देवकीचं वेगळंच, सूर्य उगवायच्या आधी गूळ-तूप खा म्हणायची, अर्धशिशीवर हेच खरं म्हणायची. मी म्हटलं, उपासाच्या दिवशी गूळ-तूप? मला बाटवतेस काय? म्हणून तेही बुधवारी आणि रविवारी. आणि त्या दोन दिवशी डोकं दुखत नव्हतंच! म्हणजे औषध ज्या दिवशी दुखत नाही त्या दिवशी, आणि दुखणं ज्या दिवशी औषध नाही त्या दिवशी. हे मला दिसलं का? नाही दिसलं. उजवा डोळा तर मिटलेलाच होता, पण डाव्यालाही दिसलं नाही.

शेवटी दवाखाना. हो, गेलो. सरकारी दवाखान्यात गेलो, परशुराम मागोमाग, नको म्हटलं तरी. डॉक्टर तरुण, त्यानं पापणी वर करून बत्ती मारली, त्या बत्तीनं मला पुन्हा खुंटा ठोकला, आणि गोळ्या दिल्या. दुखायला लागलं की एक, पोटात काहीतरी घालून, असं कंपाउंडरनं क्रेओलमध्ये दोनदा समजावलं. पोटात काहीतरी घालून! मी पुजाऱ्याला विचारलं, गोळीनं उपास मोडतो का? तो म्हणाला, पाण्याबरोबर गिळली तर मोडत नाही. झालं. रिकाम्या पोटी गोळी गिळली, ती आत गेली आणि माझ्यासकट बाहेर आली. तीन दिवस आतडी पिळत होती. मी तडक परत दवाखान्यात. म्हटलं, डॉक्टर, तुमच्या गोळ्या तुम्हीच खा.

डॉक्टर रागावला नाही. वही काढली. कंपाउंडरमार्फत विचारतो, "तोंतों," म्हणजे काका, "कुठल्या दिवशी दुखतं?"

मी ताठ बसून सांगितलं, सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

"बुधवारी?"

नाही.

"रविवारी?"

नाही.

"मग बुधवारी आणि रविवारी तुम्ही काय करता?"

मी म्हटलं, "जेवतो."

तुम्हाला सांगतो… कंपाउंडरनं लेखणी खाली ठेवली. डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं, मी परशुरामकडं पाहिलं, परशुरामनं छताकडं पाहिलं. आणि मला माझंच बोलणं ऐकू आलं. जेवतो! अरे देवा. मी माझ्याच हातानं, एकेका देवाचं नाव घेऊन, खुंटा ठोकत होतो! डॉक्टर म्हणाला, भुकेनं आणि उन्हानं हे होतं, काही माणसांचं डोकं असंच असतं, वेळेवर खा, उन्हात टोपी घाल, आणि दुखलंच तर जेवून गोळी घे.

मी बसमधून उतरायच्या आत गावात बातमी. परशुराम पुढच्या दारानं उतरला होता ना! दुकानाच्या पायरीवर माणसं तोंडावर रुमाल धरून बसलेली. आणि सुरेंद्र, माझ्या भावाचा मुलगा, ज्याला मी ताल शिकवला, अगदी मायेनं म्हणतो, "काका, तुम्ही उपास धरा, झांज मी धरतो."

गणपतीला आठ दिवस. जेवलो तर देवासमोर बोललेला शब्द मोडतो, सगळ्या गावानं ऐकलेला. नाही जेवलो तर झांज जाते. देवकीनं ताट वाढलं, वार गुरुवार. फराटा, म्हणजे आपला पराठा, आणि वालाची भाजी. मी ताट सारलं. ती म्हणाली, "ज्याच्या हातात मोदक आहे, त्याच्यासाठी तुम्ही उपाशी? त्याला तरी पटेल का?" मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. डोकं फुटलं तरी चालेल. झांज देईन सुरेंद्रला. असं म्हणालो आणि, खोटं कशाला सांगू, नजर झांजेकडं गेली. पण ताट सारलं ते सारलं, आणि पाटावरून उठलो.

आणि तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून आमची सून बोलली. निर्मला. लग्न होऊन चार वर्षं, माझ्यासमोर तिचा आवाज मी ऐकला नव्हता. मला वाटायचं, आवाज नाहीच. पदर सावरून, खाली बघून म्हणते, "मामंजी, तुम्ही जेवल्याशिवाय सासूबाई जेवत नाहीत. तुमचे पाच वार म्हणजे त्यांचेही पाच वार. जूनपासून."

मी देवकीकडं बघितलं. ती भाजीचं भांडं झाकत होती. झाकलेलंच भांडं पुन्हा झाकत होती.

आमच्याकडं बाई नवऱ्याच्या आधी जेवत नाही. माझी आई जेवत नव्हती, तिची आई जेवत नव्हती. इतकं रोजचं, की ते कुणाच्या डोळ्याला दिसतच नाही. मी उपास करत होतो तो गावाला माहीत, देवळाला माहीत, दवाखान्याच्या वहीत लिहिलेला. आणि ही? सकाळी गाईचं गवत, दुपारी भाजीच्या वाफ्यात पाणी, मध्येच माझ्या कपाळाला बटाटा… सगळं रिकाम्या पोटी. तेव्हा हिनं बटाटा माझ्या कपाळाला लावला, तो भुकेल्या बाईनं लावला! खाल्ला असता तर निदान कामी आला असता.

मी विचारलं, "तुझं डोकं दुखतं का गं?"

ती म्हणाली, "दुखतं की. दोन्ही बाजूंनी."

"मग बोलली का नाहीस?"

"डोकं माझं," देवकी म्हणाली. "विचारलं कुणी?"

…

कॅरोल वादळात मी उभा होतो. या वाक्याला खाली बसलो. पाटावरच बसलो, ताट ओढलं आणि गुरुवारी, भर दुपारी, दत्ताच्या वारी, दोन फराटे खाल्ले. मग पुन्हा एक, कारण ती बघत होती. मी म्हटलं, आता तू बस. ती म्हणते, माझं नंतर. मी म्हटलं, माझ्यासमोर बस. जेवली. पाठ फिरवून जेवली, पण जेवली.

दुसऱ्या दिवशी जेवून देवळात गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं, मी पाच वार मोडले. काय शिक्षा करायची ती कर, माझी कर. पुजारी घाबरला. गणपती मोदक धरून बसला होता तसाच.

आणि गणपतीच्या दिवशी वाजवली, हो! पहिला सूर माझा, पहिली झांज माझी. विसर्जनाला समुद्रापर्यंत अडीच मैल वाजवत गेलो, डोक्यावर टोपी, पोटात जेवण. एकदा फक्त उजवीकडं जरा चकाकल्यासारखं झालं, तर तिथंच थांबून दोन मोदक खाल्ले आणि गोळी गिळली. सुरेंद्र शेजारी टाळ्यांवर ताल धरत होता. चांगला धरतो. त्याला सांगितलं नाही.

आता परशुराम म्हणतो पाल्यानं बरा झालो, कंपाउंडर म्हणतो गोळीनं, बसंती चाची म्हणते मिरच्यांनी. म्हणू देत. खरं सांगू का? मला सकाळी भूक लागतच नाही. जन्मात कधी लागली नाही. पण सातच्या ठोक्याला पाटावर बसतो, भाकरी पुढं घेतो, पाणी लावून लावून गिळतो. न गिळून चालणार कसं… मागं देवकी उभी असते, आणि तिला भूक लागलेली असते.