एलिशा किट्टो यांचा मृत्यू व राहिलेले दोन फूट

नाव पास्को रोडा, वय २२, धंदा खाणकाम, मूळ गाव कॉर्नवॉलात, हल्ली मुक्काम मार्टेन क्रीक, आयडाहो प्रांत. तारीख २ जानेवारी १८८४.

शेरीफसाहेबांनी विचारल्यावरून समक्ष सांगतो की, मी व मयत एलिशा किट्टो, वय ४४, चांदीच्या एका खाणीचे भागीदार. ते माझ्याच गावचे, मी त्यांना काका म्हणत असे. त्यांची बायको ग्रेस गावी असते. इथल्या नियमाने वर्षाला दहा फूट भुयार पुढे गेले पाहिजे. नाही गेले तर एक जानेवारीला हक्क जातो, कुणीही येऊन आपला खुंट ठोकतो. आमचे दोन फूट राहिले होते.

थंडीत सुरुंगाच्या कांड्या गोठतात, उडत नाहीत. दुहेरी बुडाच्या डब्यात गरम पाणी घालून त्यांना ऊब द्यावी लागते. आमचा डबा गळू लागला, म्हणून २९ तारखेला सकाळी मी तो डाग द्यायला खाली गावात नेला. काका म्हणाले, "उद्या दुपारच्या आत ये रे बाबा. गुत्त्यात कुणी नवा डोंगर दाखवला तर डोळे मिट. तुला मेल्या दुसऱ्याचाच डोंगर चमकताना दिसतो."

मी म्हणालो, "आणि तुम्ही चार डोंगर पालथे घातले, ते काय हवापालटाला?"

"म्हणून तर सांगतोय," म्हणाले आणि हसले.

डबा त्याच संध्याकाळी तयार झाला. गावात उत्तरेकडे सोने लागल्याची बातमी होती. जाणाऱ्यांच्या यादीत मी नाव घातले. ३० तारखेला दिवसभर गावातच होतो. कारण विचारले. कारण नाही.

३१ ला सकाळी अकराला वर पोचलो. झोपडीचे छप्पर बर्फात पडले होते, शेगडीचे दार झाडात अडकले होते. काकांनी कांड्या शेगडीच्या कप्प्यात ठेवल्या असाव्यात. दिवस हातचे जाऊ लागले की जुने खाणवाले तसे करतात. काका दाराशी होते. जीव नव्हता. मी घोंगडी घातली.

खबर द्यायला दोन दिवस का लागले, असे विचारल्यावरून सांगतो की, मी आधी भुयारात गेलो. सुरुंग उरला नव्हता. घण आणि पहार होती. एक तारखेचे उजाडल्यावर थांबलो. मग काकांना घसरगाडीवर बांधून खाली आणले.

हक्क ग्रेस किट्टो यांच्या नावे राहावा, माझा हिस्साही त्यांनाच द्यावा. मी मोजले तेव्हा नऊ इंच कमी भरले. दुसऱ्या कुणी मोजलेले नाही. हे लिहू नका म्हणालो. साहेब म्हणाले, सांगितले ते लिहावेच लागते. तर मग असेही लिहावे की ते नऊ इंच माझ्याकडून राहिले, काकांकडून नाही.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच आहे. सही येते तशी केली आहे.

पास्को रोडा