हौदातल्या माद्या

फेरीबोटीला उशीर होता. माझं बाळ शेजारी बाबागाडीत झोपलं होतं. मागच्या बाकावर नदीकाठच्या सॅमन माशांच्या पैदास-केंद्रातली दोघं येऊन बसली. बाईच्या हातात तपासणीचा कागद होता.

"ऐक, अर्नफिन. आपल्या हौदातल्या एकाही मादीची अंडी कामाची नाहीत."

"असं कसं, गुडवेग? पोटं तर टम्म होती."

"शरदात पाणी गार झालं नाही, तर अंडी सोडवणारी संप्रेरकं अंगात तयारच होत नाहीत. अंडी आतच खराब झाली."

"पाणी आपण तळ्याच्या तळातून ओढतो. ते सहा अंशांवर असतं."

"चौदा होतं. श्रमदानाच्या दिवशी नळी कोणी धुतली?"

"मी. धुऊन परत सोडली की."

"काठालगतच्या उथळ, कोमट पाण्यात सोडलीस. तुला खायला ठेवलेले वॅफल गार व्हायची काळजी."

"देवा."

"आणि हे बघ, लिहिलंय. मासे सारखे हाताळले तर धास्तावतात, अंडी अडकतात. त्यांना कोण उचलत होतं?"

"पोट दाबून बघायचो, अंडी पिकलीत का. जीव लागून राहिला होता."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ."

बाळाचा श्वास बघायला पुढे केलेला हात मी मागे घेतला.

"नदीतून दुसऱ्या धरू. परवान्याचं मी बघतो."

"नदीत नाहीत. यंदा समुद्रातून वर आल्या त्या सगळ्या आपण धरल्या."

"सगळ्या?"

"तूच म्हणालास, एक जरी बाहेर राहिली तर तिचं काही खरं नाही."