एकच टोला

...नाही, पण मला सांगा, वाजवायचं एकदाच होतं हो! वाद्यवृंदात पार मागे, टांगलेल्या काशाच्या थाळीपाशी उभा असतो ना, तो मी. बाकीचे घाम गाळतात, मी मात्रा मोजतो. बायको तर म्हणते, "अख्ख्या संध्याकाळी एक टोला? घरी भांडी याहून जास्त आपटता!"

तर ज्याची रचना वाजवायची होती, तो हा ग्रीक संगीतकार. नाव कुणी ऐकलेलं नाही, जिवंतपणी त्याचं एकही मोठं काम कुणी वाजवलं नाही, आणि तुम्हाला सांगतो, पहिल्या तालमीला मला वाटलं, बरोबरच केलं! अहो, मंडळी अजून वाद्यंच जुळवतायत म्हणून मी खुशाल चहा पीत बसलो, तर संचालक खेकसले, "केव्हाच सुरू झालंय!" त्यात आमच्या तालमी तुकड्यातुकड्यांच्या, आज शेपूट, उद्या डोकं... जनावर कसलं ते कळणार कसं?

कार्यक्रमाला त्याची म्हातारी बहीण आली, थेट ग्रीसहून, दुभाषी घेऊन. आधी माझ्यापाशीच आल्या आजी. "थाळीवाले तुम्हीच ना? भाऊ म्हणायचा, बाकी काही चुकू दे, शेवटचा तो टोला तेवढा वाजला पाहिजे." मी छातीठोकपणे म्हटलं, "आजी, निर्धास्त बसा."

आणि पहिल्यांदाच सलग ऐकलं मी. काय सांगू! त्या कर्कश सुरांच्या खालून एक धून वर येत होती, दबकत, घरात कुणी आजारी असलं की आई वावरते ना, तशी. एवढा मोठा माणूस, आणि आपल्याला पत्ताच नाही? मोजणं कुठल्या कुठे गेलं! संचालकांचा हात माझ्याकडे, डोळे वटारलेले, नगारेवाला कोपराने ढोसतोय, "अरे, वाजव ना!"... आणि मी दांडकं धरून रडतोय. संपलं! टाळ्या! वाजवायचं एकदाच होतं हो!

वर पेपरात काय आलं? "शेवटची शांतता अप्रतिम!" झालं, संचालकांनी टोला कायमचा खोडला.

पण त्या टाळ्या थांबल्यावर आजी मागे आल्या होत्या. "टोला होता ना हो तिथे?"

"होता, आजी. मी... ऐकतच राहिलो."

आजी म्हणाल्या, "जन्मभर एका ऐकणाऱ्यासाठी तडफडला बिचारा. मिळाला, तोही नेमका वाजवायला उभा केलेला!"